काट्याने काटा काढताना : तणांच्या बंदोबस्तासाठी किडी आणि रोग



पावसाचे पहिले दोनचार शिडकावे होतात न होतात तोच गावाची वेस, शाळेच्या पटांगणाची कडा, रेल्वेचा रूळमार्ग, पडीक जमीन आणि बांध एका विशिष्ट हिरव्या रंगाने भरून जातात. तो रंग चाऱ्याचा नव्हे आणि पिकाचाही नव्हे. कोणी त्यास गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटक चांदणी. जनावर त्यास सहसा तोंड लावीत नाही, माणसाच्या अंगाला ते लागले तर खाज सुटते, आणि उपटून टाकावे तर पुढच्या पावसात ते दुप्पट जोमाने उभे राहते. नदीकाठच्या गावांतील चित्र याहून निराळे नाही. तेथे जमिनीऐवजी पाणी झाकले जाते आणि गवताऐवजी जलपर्णी असते, एवढाच काय तो फरक.

खुरपणी, उपटणी, यंत्राने काढणी आणि तणनाशकाची फवारणी हे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते निरुपयोगी आहेत असे मुळीच नव्हे. परंतु गायरान, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ अशा ज्या जागांना एक असा धनी नसतो, तेथे दरवर्षी पैसा आणि मनुष्यबळ ओतत राहणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे ठरते. अशा जागांसाठी विज्ञानाने जो तिसरा मार्ग दाखविला आहे, त्याचे नाव जैविक नियंत्रण. तणाचा नैसर्गिक शत्रू असलेली कीड किंवा रोग शोधावयाचा, त्याची कसून परीक्षा घ्यावयाची, आणि मग तणाचा बंदोबस्त त्याच्यावर सोपवावयाचा, असा हा मार्ग आहे. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार होय. मात्र काढणारा काटा पायात मोडून राहू नये याचीही चिंता वाहावी लागते. या मार्गाचे यश आणि त्याची जोखीम, दोन्ही बाजू नीट समजून घेणे यासाठीच अगत्याचे आहे.

परमुलखातील पाहुणे

आपल्याकडील सर्वांत त्रासदायक तणांची कुळकथा पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानी येते. ती बहुतेक सगळी बाहेरून आलेली आहेत. गाजर गवत हे मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतील. घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील, आणि भारतात १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेलेली. फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आला.

या वनस्पती आपल्या मायभूमीत अशा बेफाम वाढत नाहीत. तेथे त्यांची पाने खाणारा भुंगा असतो, खोड पोखरणारी अळी असते, बी फस्त करणारा सोंड्या असतो आणि पानांवर पडणारा तांबेराही असतो. हजारो वर्षांच्या सहवासाने तेथे एक प्रकारचा समतोल साधलेला असतो. तीच वनस्पती एकटी समुद्रापार येते तेव्हा तिचे शत्रू मात्र मागेच राहतात. इथल्या किडींना तिची चव नवी, इथल्या रोगांना तिचे अंग परके. अंकुश सुटलेल्या हत्तीप्रमाणे मग ती सारा मुलूख तुडवीत सुटते. मागे राहिलेल्या शत्रूंपैकी एखादा निवडून तिच्या पाठोपाठ आणावयाचा, एवढाच जैविक नियंत्रणाचा मूळ विचार आहे. तो सांगावयास सोपा असला तरी आचरण्यास फार कठीण आहे.

निवडुंगाची कहाणी

या विचाराचा पहिला धडा जगाला भारतानेच दिला आणि तोही अजाणता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंगाच्या व्यापाराचा मोह पडला होता. निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील नावाच्या लहानशा किडीपासून उत्तम किरमिजी रंग निघत असे आणि त्याचा मक्ता स्पेनच्या हाती होता. १७९५ साली ब्राझीलहून ही कीड म्हणून काही किडे कलकत्त्यास आणण्यात आले. प्रत्यक्षात आली ती दुसरीच जात. तिचा रंग हिणकस निघाला. पण तिची भूक अशी जबर होती की उत्तर आणि मध्य भारतात जो एका जातीचा निवडुंग माजला होता, तो तिने खाऊन जवळपास नाहीसा केला. व्यापार बुडाला आणि शेतीचा मात्र लाभ झाला. ही करामत पाहून १८३६ ते १८३८ या काळात ती कीड हेतुपुरस्सर दक्षिण भारतात नेण्यात आली व पुढे १८६५ च्या सुमारास श्रीलंकेतही सोडण्यात आली. एका देशातून दुसऱ्या देशात तणाच्या नाशासाठीच कीड नेल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते.

परंतु कहाणी येथे संपत नाही. दक्षिणेत निवडुंगाची आणखी एक जात होती. त्या जातीला या किड्याने स्पर्शही केला नाही. माणसाच्या डोळ्याला दोन्ही निवडुंग सारखेच काटेरी आणि सारखीच बोंडे धरणारे दिसतात, किड्याला मात्र त्यांतील भेद अचूक कळतो. शेवटी १९२६ मध्ये कोचिनीलचीच दुसरी जात श्रीलंकेमार्गे आणावी लागली आणि तिने ते राहिलेले काम पार पाडले. शत्रू नेमका ओळखल्याखेरीज त्याच्यावर सोडावयाचा शिपाई निवडता येत नाही, हा धडा त्या काळापासून आजपर्यंत कायम आहे.

एका देशाचा तारक, दुसऱ्या देशाचा मारक

ऑस्ट्रेलियात याच निवडुंगाने याहून मोठा अनर्थ केला होता. १९२५ च्या सुमारास तेथील सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. शेतकरी घरेदारे सोडून चालले होते. अनेक देशांतून अनेक किडी आणून पाहिल्यानंतर त्या वर्षी अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची सुमारे २,७५० अंडी आणण्यात आली. या पतंगाच्या नारिंगी रंगाच्या, काळे पट्टे असलेल्या अळ्या समूहाने निवडुंगाच्या फड्यात शिरतात आणि तो आतून पोखरून कुजवितात. १९२६ पासून त्या रानात सोडण्यात आल्या आणि पुढील सातआठ वर्षांत निवडुंगाची बहुतेक सर्व घनदाट राने कोसळली. क्वीन्सलँडमधील बूनार्गा या गावाने १९३६ साली आपल्या सभागृहास या पतंगाचे नाव दिले. एका किडीच्या नावे सार्वजनिक इमारत उभी राहावी, यावरून त्या शेतकऱ्यांची भावना किती उत्कट असेल याची कल्पना यावी.

आता याच पतंगाची दुसरी बाजू पाहावी. १९५७ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर सोडण्यात आला. तेथेही त्याने काम केले. पण पतंगाला देशांच्या सीमा ठाऊक नसतात. बेटांमागून बेटे ओलांडीत तो १९८९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आढळला. त्या भूमीत निवडुंग परका नव्हे, तो तेथील मूळ रहिवासी आहे. शेजारच्या मेक्सिकोत तर निवडुंग हे भाजीचे, फळाचे आणि चाऱ्याचे पीक आहे व त्या राष्ट्राच्या ध्वजावरही ते विराजमान आहे. मेक्सिकोच्या बेटांवर हा पतंग २००६ मध्ये येऊन पोहोचताच तो निपटून काढण्यासाठी त्या सरकारला तातडीची मोहीम उघडावी लागली. ऑस्ट्रेलियात ज्याच्या नावे सभागृह, त्याच्याच नाशासाठी मेक्सिकोत मोहीम! कीड तीच, तिचा स्वभावही तोच. बदलली ती केवळ भूमी. म्हणूनच एखादी कीड अमुक देशात यशस्वी झाली एवढ्यावरून ती आपल्याकडे आणावी असे ठरविता येत नाही.

कारळ्यासाठी परत फिरविलेली कीड

सोडलेली कीड परत बोलाविता येत नाही. तणनाशकाची चूक एका हंगामात धुऊन निघते. किडीची चूक पिढ्यान् पिढ्या भोगावी लागते. यास्तव परदेशातून आणलेली प्रत्येक कीड प्रथम बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवली जाते. तिच्यासमोर तणाच्या नात्यातील वनस्पती आणि देशातील महत्त्वाची पिके एकामागून एक मांडली जातात. तिला केवळ निवडीची संधी दिली जाते असे नव्हे, तर तण अजिबात न देता फक्त पीकच समोर ठेवून उपाशीही ठेवले जाते. त्या पिकावर ती अंडी घालते काय, अळी जगते काय, कोषातून पुन्हा पतंग किंवा भुंगा निपजतो काय, याची नोंद केली जाते. या परीक्षेत उतरल्यावाचून तिला उघड्या हवेत जाऊ देत नाहीत. परदेशी कीड आणण्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो व २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये त्याचे नियम ठरलेले आहेत.

ही परीक्षा नुसता उपचार नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १९८० च्या दशकात गाजर गवताच्या खोडावर गाठी आणणारा एपिब्लेमा नावाचा पतंग बंगलोरच्या केंद्रात आणण्यात आला होता. ऑस्ट्रेलियात त्याचा चांगला उपयोग झाला होता. बंगलोरच्या बंदिस्त खोलीत मात्र असे आढळून आले की हा पतंग कारळ्याच्या झाडावरही आपला संपूर्ण जीवनक्रम पुरा करू शकतो. कारळे हे डोंगराळ भागातील गरीब शेतकऱ्याचे तेलबियांचे पीक. आपल्या नाशिक, ठाणे, अहिल्यानगरकडील आदिवासी पट्ट्यात आणि देशातील इतर अनेक भागांत त्यावर कित्येक कुटुंबांची भिस्त असते. गाजर गवत मरावे म्हणून कारळे मारणे हा सौदा शास्त्रज्ञांनी मान्य केला नाही. आणलेल्या सर्व किडी प्रयोगशाळेतच नष्ट करण्यात आल्या. या निर्णयाचा गाजावाजा झाला नाही, कारण जे संकट आलेच नाही त्याची बातमी होत नसते. परंतु डोंगरावरच्या त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय कोणत्याही यशाइतकाच मोलाचा होता.

गाजर गवत आणि मेक्सिकन भुंगा

भारतात गाजर गवताची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यास. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असा समज रूढ आहे. तेथून ते देशभर पसरले. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातील झुडूप आहे आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. एकेक झाड १५ ते २५ हजार बिया देते. बी हलके असल्याने वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर आणि वाहनांच्या चाकांबरोबर ते दूरवर जाते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेचा चिवट दाह होतो आणि परागकणांमुळे काहींना दमाही जडतो. शेतात राबणाऱ्या ज्या माणसाला एकदा ही बाधा झाली, त्याला पुन्हा शेतात पाऊल टाकणे दुष्कर होते. तेव्हा या तणाचा प्रश्न केवळ उत्पन्नाचा नाही, आरोग्याचाही आहे.

१९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा पाने खाणारा भुंगा बंगलोर येथे आणण्यात आला. परीक्षा पूर्ण झाल्यावर १९८४ मध्ये तो उघड्या रानात सोडला गेला. पहिल्या तीनचार वर्षांत त्याचे अस्तित्वही जाणवेनासे झाले होते. मग १९८८ च्या सुमारास सोडलेल्या जागेभोवतीचे गाजर गवत निष्पर्ण होऊ लागले आणि पुढे तो भुंगा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरत गेला. आज महाराष्ट्रातही तो अनेक ठिकाणी आढळतो. 'पी हळद आणि हो गोरी' ही वृत्ती या कामात चालत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. या कामाचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मागता येत नाही.

त्यानंतर एक कसोटीचा प्रसंग आला. १९९० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकातील काही शेतांत हा भुंगा सूर्यफुलाची पाने खाताना दिसला. शेतकऱ्यांत घबराट पसरली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातील. भारत सरकारने तथ्यशोधन समिती नेमली आणि भुंगे नव्याने सोडण्याचे काम काही वर्षे थांबविण्यात आले. अभ्यासातून असे दिसून आले की शेताच्या कडेला गाजर गवत दाट असेल तर त्याचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या गंधाने फसून भुंगा ते पान कुरतडतो. सूर्यफुलावर तो कायमचा संसार थाटू शकत नाही. त्यानंतर भुंग्याचा वापर पुन्हा सुरू झाला. या प्रसंगात शेतकऱ्याची शंका आणि शास्त्रज्ञाचे उत्तर, दोहोंनाही योग्य स्थान मिळाले. शंका घेणाऱ्यास अडाणी ठरविले असते, किंवा घबराटीपोटी उपायच कायमचा टाकून दिला असता, तर दोन्ही परींनी नुकसानच झाले असते.

भुंग्याची ओळख

हा भुंगा मारला जातो तो बहुधा अज्ञानाने. तो सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या रंगाचा असून त्याच्या पाठीवर तपकिरी रंगाच्या नागमोडी उभ्या रेघा असतात. डोके गडद तपकिरी असते. मादी पानांच्या खालच्या बाजूस अंडी घालते. चारसहा दिवसांत त्यांतून पिवळसर अळ्या बाहेर पडतात आणि शेंड्याची कोवळी पाने व कळ्या खात मोठ्या होतात. दहापंधरा दिवसांनी त्या जमिनीत उतरून कोष करतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा क्रम साधारणपणे महिनाभराचा असतो. पावसाळ्यात त्याच्या अनेक पिढ्या होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. थंडी व कोरड ओढवली की तो जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येतो.

त्याची मर्यादाही येथेच आहे. पावसाच्या आरंभी गाजर गवत झपाट्याने उगवते, तेव्हा भुंगे थोडे असतात. पाटपाण्याच्या कडेला ते उन्हाळ्यातही फुलते, तेव्हा भुंगा जमिनीत झोपलेला असतो. म्हणून भुंगा हा एकमेव उपाय नव्हे. मोकळ्या जागी तरोट्याचे म्हणजे टाकळ्याचे बी टाकले असता त्याची दाट वाढ गाजर गवतास डोके वर काढू देत नाही. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून केलेली उपटणी आणि उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट खत या गोष्टींची जोडही हवीच. मात्र बी धरलेले झाड खताच्या खड्ड्यात घालू नये.

तांबेऱ्याचा उपयोग

तांबेरा हा शब्द ऐकताच गहू पिकविणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. परंतु पिकाचा नाश करू शकणारा रोग तणाचाही नाश का करणार नाही, या विचारातून ऑस्ट्रेलियात १९७१ मध्ये एक प्रयोग झाला. तेथील गव्हाच्या शेतांत कॉन्ड्रिला नावाचे चिवट तण माजले होते. त्यावर पडणारा इटलीतील तांबेरा तपासणीअंती तेथे सोडण्यात आला. वाऱ्याबरोबर तो शेकडो मैल पसरला आणि तणाची अरुंद पानांची जात त्याने जवळजवळ संपविली. परंतु त्या तणाच्या रुंद व मध्यम पानांच्या जाती या रोगास दाद देत नव्हत्या. रिकाम्या झालेल्या जागेवर पुढे त्या पसरल्या. निवडुंगाच्या दोन जातींनी भारतात जो धडा दिला, तोच येथे पुन्हा मिळाला.

आपल्याकडील अनुभव संमिश्र आहे. आसाम आणि केरळमधील चहाचे मळे, केळीच्या बागा व जंगले यांवर मिकानिया नावाची वेल आच्छादन घालते. तिच्यासाठी त्रिनिदादहून आणलेला तांबेरा २००५-०६ च्या सुमारास या दोन राज्यांत सोडला गेला, पण तो टिकला नाही. तोच तांबेरा पापुआ न्यू गिनीत मात्र चांगला रुजला. हवामान, वेलीचे स्थानिक वाण आणि सोडण्याची वेळ यांवर रोगाचे भवितव्य अवलंबून असते. गाजर गवताचा एक तांबेरा दक्षिण भारतात आढळतो, परंतु त्यास थंड व दमट हवा लागते. पठारावरच्या उष्ण हवेत त्याचे फारसे चालत नाही.

रोगजंतू वापरण्याची आणखी एक रीत आहे. बुरशी मोठ्या प्रमाणावर वाढवून ती तणनाशकाप्रमाणे फवारावयाची. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी भाताच्या शेतातील व लिंबूवर्गीय बागांतील तणांसाठी अशी दोन उत्पादने बाजारात आली. ती ठराविक तणावरच काम करीत, हा त्यांचा गुण, आणि त्यामुळेच बाजार लहान, हा त्यांचा दोष ठरला.

पाण्यावरचे युद्ध

पाण्यातील तणांच्या बाबतीत जैविक नियंत्रणाने काही ठिकाणी डोळे दिपविणारे यश मिळविले आहे. केरळच्या कालव्यांत साल्विनिया या तरंगत्या वनस्पतीने, जिला तेथे आफ्रिकन पायल म्हणतात, होड्यांची वाटच अडविली होती. अनेक वर्षे तिच्यावर भलत्याच किडी योजल्या गेल्या, कारण त्या वनस्पतीची जातच चुकीची ओळखली गेली होती. १९७२ मध्ये तिचे खरे वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये तिची मायभूमी आग्नेय ब्राझीलमध्ये सापडली. तेथील एक चिमुकला सोंड्या भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मुंडारा तलावात सोडण्यात आला. वर्षसव्वा वर्षात तेथील सुमारे दोनशे हेक्टरांवरील तण बुडाले. १९८० च्या दशकात हाच भुंगा केरळात आला आणि काही वर्षांत कालवे पुन्हा वाहते झाले. मध्य प्रदेशातील सारणीच्या जलाशयातही अलीकडच्या वर्षांत त्याने असेच काम केले.

जलपर्णीसाठीही दोन जातींचे सोंडे भुंगे १९८०च्या दशकाच्या आरंभी बंगलोरला आणून सोडले गेले. ते पानावर चौकोनी ओरखडे काढतात आणि त्यांच्या अळ्या फुगीर देठात बोगदे पाडतात. काही तलावांत त्यांनी जलपर्णी हटविली. मग पुण्याच्या मुळा-मुठेवर, इंद्रायणीवर आणि कोल्हापूरच्या पंचगंगेवर दरवर्षी जलपर्णीचा गालिचा का पसरतो, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर किडीत नाही, पाण्यात आहे. सांडपाण्यातून मिळणाऱ्या खताने जलपर्णी इतक्या वेगाने वाढते की भुंग्याची पिढी तिला गाठूच शकत नाही. त्यातच पुराने आणि यंत्राने जलपर्णी वाहून जाते, तेव्हा तिच्यावरील भुंगेही जातात आणि उरलेली रोपे शत्रूविना पुन्हा वाढू लागतात. सांडपाणी अडविल्याखेरीज भुंग्यास दोष देणे म्हणजे नळ उघडा ठेवून पोछा मारणाऱ्यास बोल लावण्यासारखे आहे.

घाणेरीने तर या शास्त्राचा गर्वच हरण केला आहे. १९०२ पासून जगभर चाळीसहून अधिक प्रकारच्या किडी व रोग तिच्यावर योजून झाले. घाणेरी ही एक जात नसून अनेक संकरांचा मेळा आहे. एका रंगाच्या फुलांची घाणेरी किडीला रुचते, दुसऱ्या रंगाची रुचत नाही. त्यामुळे आपल्या जंगलांत आजही कुऱ्हाड आणि कुदळ यांनाच तेथे पर्याय नाही.

ग्रामपंचायत व शाळा यांचे काम

या साऱ्यातून गावपातळीवर काय करावयाचे, ते थोडक्यात असे.

एक, गाजर गवताच्या साऱ्याच जागांवर एकाच वेळी फवारणी करू नये. जेथे भुंगे दिसतात, असा एक तुकडा भुंग्यांचे बियाणे म्हणून राखून ठेवावा. तेथे तणनाशक वा कीटकनाशक वापरू नये आणि माती खणू नये, कारण कोष व सुप्त भुंगे मातीतच असतात. राखलेला तुकडा पिकापासून, विशेषतः सूर्यफुलाच्या शेतापासून दूर असावा.

दोन, जेथे भुंगे विपुल आहेत तेथून जुलै-ऑगस्टमध्ये ते हातमोजे घालून गोळा करावेत. छिद्रे असलेल्या डब्यात गाजर गवताच्या पानांसह ठेवून नव्या जागी त्याच दिवशी सोडावेत. एका ठिकाणी पाचशे ते हजार भुंगे एकदम सोडणे श्रेयस्कर. थोडेथोडे चहूकडे सोडले तर ते विखरून निष्फळ ठरतात. भुंगे मिळत नसतील तर कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय यांच्याशी संपर्क साधावा.

तीन, दुसऱ्या देशातून वा अनोळखी ठिकाणाहून कोणतीही कीड अथवा रोगट झाड कोणीही आपल्या अखत्यारीत आणू नये. अशा आणलेल्या किडीने 'भीक नको, पण कुत्रा आवर' अशी अवस्था होण्यास वेळ लागत नाही.

चार, शाळेने एक नोंदवही ठेवावी. पटांगणाजवळच्या दहा ठराविक जागा निवडून पावसाळ्यात दर पंधरवड्यास तेथील झाडे, भुंगे व अळ्या मोजाव्यात. त्वचेचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांस या कामात घेऊ नये व इतरांनीही झाडास हात लावू नये. चारपाच वर्षांची अशी वही गावाला जे सांगेल ते कोणत्याही अहवालात मिळणार नाही. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात पाळल्या जाणाऱ्या गाजर गवत जागृती सप्ताहात ती वही ग्रामसभेपुढे ठेवता येईल.

पाच, भुंगा पिकावर बसलेला दिसला तर शेतकऱ्याने तात्काळ कृषी सहायकास कळवावे आणि कृषी सहायकाने ती तक्रार हसण्यावारी नेऊ नये. तक्रार खरी की खोटी हे शेतात जाऊन पाहिल्यावरच ठरते.

तण हे कोणा एकाच्या शेतात थांबत नाही, आणि त्यावरचा भुंगाही बांध ओळखत नाही. एका गावाने राखलेले भुंगे शेजारच्या गावाच्या कामी येतील, आणि एका गावाने बेफिकिरीने केलेल्या फवारणीत शेजारच्या गावाची मेहनतही मरेल. ज्या कामाचे फळ चार पावसाळ्यांनी पदरात पडावयाचे, ते काम आज सुरू करणाऱ्या पंचायतीची मुदत कदाचित तोवर संपलेलीही असेल. राखीव तुकड्याची पाटी मात्र नव्या पंचायतीनेही उपटू नये, एवढी काळजी ठरावातच घेऊन ठेवावी.